आधी माणसांचे आभार, मग मागणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत ‘संत ज्यूड यांचे आभार’ अशी दोन ओळींची चौकट अधूनमधून दिसते. नोकरी लागली, शस्त्रक्रिया पार पडली, अडकलेले काम सुटले, की बोललेला नवस असा फेडला जातो. मागितलेले मिळाल्यावर देणाऱ्याला न विसरणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोकणातल्या ख्रिस्ती घरांतली आणि मंडळ्यांतली, म्हणजे चर्चच्या समुदायांतली, उपकारस्तुती बहुतेक वेळा इथेच थांबते. दर रविवारी ज्यांच्या शेजारी आपण बाकावर बसतो, त्या माणसांबद्दल कोणी नाव घेऊन देवाचे आभार मानताना फारसे ऐकू येत नाही. ऑक्टोबर तोंडावर आला आहे. उत्तर कोकणात पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण, भाताची नवी लोंबी वेदीपाशी जाईल. कॅथलिक घरांत रोझरीचा, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या मरियेच्या प्रार्थनेचा, महिना सुरू होईल. ही उणीव भरून काढायला याहून सोयीची वेळ वर्षात दुसरी नाही, म्हणून हे पत्र.

बायबलच्या नव्या करारातली संत पौलाची पत्रे या बाबतीत फार उपयोगी आहेत. फिलिप्पैकरांस लिहिताना तो बंदिवान आहे, तरी सुरुवात तक्रारीने नाही. तुमची आठवण झाली की मी देवाचे आभार मानतो, असे तो म्हणतो. कलस्सैच्या मंडळीला तर त्याने पाहिलेलेही नव्हते. एपफ्रासाकडून तिच्या विश्वासाबद्दल आणि सर्व पवित्र जनांवरच्या प्रीतीबद्दल ऐकले, तेवढे त्याला पुरले. करिंथची मंडळी गटबाजीने पोखरलेली, भाऊ भावाला कोर्टात खेचणारा. त्या पत्रातही रागावण्याआधी उपकारस्तुती आहे. गलतीकरांच्या पत्रात मात्र ती नाही, आणि तो किती दुखावला होता हे त्या एका उणिवेवरून कळते. आभार मानून झाल्यावर तो काय मागतो, तेही पाहावे. फिलिप्पैकरांची प्रीती ज्ञानाने आणि समजुतीने वाढत जावी, कलस्सैकरांना देवाची इच्छा कळावी आणि आनंदाने सोसायचे बळ मिळावे. आजारपणासाठी प्रार्थना करू नये असा याचा अर्थ नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. मुद्दा क्रमाचा आहे. माणसाबद्दल आभार आधी, त्याच्यासाठी मागणे नंतर.

आता प्रत्यक्ष कसे करायचे. आभार कशाबद्दल मानायचे हेच अनेकांना सुचत नाही, मग ‘सर्वांबद्दल तुझे आभार’ एवढे म्हणून मंडळी मागण्याकडे वळते. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, यावर उपाय आहे: विश्वासाने केलेले काम, प्रीतीने घेतलेले श्रम, आशेने धरलेला धीर. एक नाव घ्यावे आणि हे तीन प्रश्न विचारावेत. या माणसाने विश्वासाने काय केले? प्रेमापोटी कुठे राबला? कुठल्या अडचणीत टिकून राहिला? तिन्हींची उत्तरे मिळायलाच हवीत असे नाही. एकाचे खरे उत्तर मिळाले तरी आभाराचे वाक्य तयार होते.

‘प्रीतीचे श्रम’ म्हणजे काय हे पाहायचे असेल तर शनिवारी दुपारी वेदीवरचे कपडे धुणाऱ्या बाईचे हात पाहावेत. मेणबत्तीचे मेण कपड्यावर सांडले की ते आधी पूर्ण थंड होऊ द्यावे लागते; मग बोथट सुरीने वरचा थर काढायचा, डागाच्या खाली-वर तपकिरी कागद ठेवायचा आणि कोमट इस्त्री फिरवायची. मेण कागदात उतरते. कागद दोन-तीनदा बदलावा लागतो, नाहीतर उतरलेले मेण परत कपड्यात जाते. छापील वर्तमानपत्र वापरले तर शाई उठते. ख्रिस्तशरीर ज्यावर ठेवतात ते कॉर्पोरल आणि प्याला पुसायचे कापड यांचे पहिले पाणी मोरीत सोडत नाहीत. ते खास कुंडात नाहीतर स्वच्छ जमिनीत ओततात. पावसाळ्यात कापड दोन दिवस ओलसर राहिले की बुरशीचे काळे ठिपके पडतात, म्हणून ते घरातल्या चुलीपासून लांब, पण वाऱ्यावर वाळवावे लागते. रविवारी वेदी पांढरीशुभ्र दिसते आणि कोणाच्या मनातही येत नाही. अशी माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. कोणी घंटा वाजवतो, कोणी दफनभूमीतले रान काढतो, कोणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बायबल वाचून दाखवतो. आभारांची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

घरगुती प्रार्थनेसाठी आठ ते बारा माणसे पुरतात. त्याहून जास्त झाली की निम्मी नुसती ऐकत बसतात. साधी दोनशे पानी वही घ्यावी, एका घराला एक पान द्यावे. पानावर चार रकाने आखावेत: तारीख, आभार, मागणे आणि ‘काय करायचे’. पाऊण तासाची वाटणी साधारण अशी ठेवावी. पाच मिनिटे भजन, सात-आठ मिनिटे शास्त्रवाचन, पंधरा मिनिटे आभार, दहा मिनिटे मागणे, मग थोडी शांतता आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. एका बैठकीला चार-पाच घरेच घ्यावीत. सगळी मंडळी एका संध्याकाळी उरकायला गेले की नावांची नुसती हजेरी होते. आभाराचे वाक्य देवाशी बोललेले असावे, माणसाशी नाही, आणि त्यात नाव व एक ठोस गोष्ट असावी.

बिघडते ते बहुधा ठरावीक ठिकाणीच. आभार मानता मानता देणगीदारांचा सत्कार सुरू होतो. सभामंडपाला पत्रे दिलेल्या घराचे नाव दर आठवड्याला निघते आणि झाडू मारणाऱ्याचे वर्षभर निघत नाही. वहीची पाने क्रमाने घेतली की हे आपोआप टळते. एखाद्याची प्रार्थना प्रवचनासारखी लांबते. ती ऐकताना बाकीचे प्रार्थना करत नाहीत, आपले पुढचे वाक्य जुळवत बसतात. म्हणून एका वेळी दोन मिनिटे, एवढे आधीच ठरवून घ्यावे. मागण्याच्या वेळी दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर पडतात, आणि हा धोका सर्वांत मोठा. लेकीचे जमत नाही, मुलगा पितो, रिपोर्टमध्ये काय आले, हे ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून सांगितले तरी दुसऱ्या दिवशी बाजारात पोचतेच. ज्याची गोष्ट त्याची परवानगी घ्यावी. ती नसेल तर फक्त नाव घ्यावे. देवाला तपशील सांगावा लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल वेगळे लिहायला हवे. विनंती आली की काही क्षणांत जोडलेल्या हातांच्या पंचवीस खुणा येतात, आणि खूण टाकली की प्रार्थना झाल्यासारखे वाटते. गट बंद करायची गरज नाही. खूण टाकण्याआधी फोन खाली ठेवून एक मिनिट खरोखर प्रार्थना करायची, एवढा एकच नियम सगळ्यांनी पाळला तरी फरक पडतो. मागणे मान्य झाले की तेही त्याच गटात कळवावे. आपल्याकडे मागणी पोचते, निकाल पोचत नाही, आणि मग आभार मानायचे राहूनच जाते. ज्याच्यासाठी मागितले तो माणूस गेला, तर त्याचे पान फाडू नये. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्याच पानावरून त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानता येतात.

चाकरमान्यांची नावेही अशीच निसटतात. मुंबईला, आखातात किंवा बोटीवर गेलेला माणूस गावी आला तरच आठवतो. त्याचे पान वहीत राहू द्यावे. रोमकरांच्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने दोन डझनांवर नावे घेतली आहेत, कित्येकांच्या पुढे त्यांनी काय केले तेही लिहिले आहे, आणि तेव्हा तो स्वतः रोमला गेलेलाही नव्हता.

सर्वांत कठीण पान भाऊबंदकीचे. कोकणात सामाईक सातबारा, गडगा, विहिरीकडची पायवाट यांवरून दोन पिढ्या न बोलणारी घरे एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी येतात. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचे पटत नव्हते. पौल दोघींची नावे घेतो, समेट करायला सांगतो, आणि दोघींनी सुवार्तेसाठी आपल्याबरोबर कष्ट केले हे त्याच श्वासात लिहितो. कोण बरोबर, हे तो सांगत नाही. आपणही तसेच करावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याबद्दल एक खरी, चांगली, जुनी गोष्ट शोधावी आणि तेवढ्याचेच आभार मानावेत. ‘तो आता सुधारतो आहे याबद्दल तुझे आभार’ असली वाक्ये कटाक्षाने टाळावीत. तो आभाराच्या कागदात गुंडाळलेला आरोप असतो आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर लागतो. हे पान बैठकीत मोठ्याने न वाचता घरी, एकट्याने घेतलेले बरे. वेदीपाशी अर्पण आणले आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, हे येशूचे सांगणे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. आगेऱ्याला लोंबी घेऊन निघण्यापूर्वी ते एकदा वाचावे.

संकटानंतरचे आभार जपून मानावे लागतात. 3 जून 2020चे निसर्ग वादळ असो की 22 जुलै 2021चा चिपळूणचा पूर, ‘आमचे घर वाचले, देवाची कृपा’ हे वाक्य ज्याचे घर गेले त्याच्या समोर म्हटले जाते, आणि त्याच्या वाट्याला कृपा आली नाही असा अर्थ त्यातून निघतो. त्याऐवजी चिखल उपसायला, पाणी आणि औषधे पोचवायला जे आले त्यांच्याबद्दल आभार मानावेत. त्यांत वेगवेगळ्या धर्मांचे शेजारी असतात, त्यांचीही नावे घ्यावीत. विश्वासाच्या घराण्यावर विशेष प्रेम करा, पण भले सर्वांचे करा, अशीच शिकवण गलतीकरांच्या पत्रात आहे.

वहीतला चौथा रकाना, ‘काय करायचे’, रिकामा राहिला तर बाकीचे तीन फुकट. भुकेल्याला ‘सुखाने जा’ म्हणून काय उपयोग, असे याकोब विचारतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि खलाशाच्या घरी रोख पैसा येत नाही. त्या पानावर जूनच्या पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावे: तांदूळ दहा किलो, डाळ दोन किलो, तेल दोन लिटर, मुलांच्या वह्या, कोण देणार आणि कधी पोचवणार. रुग्णालयात असलेल्या माणसासाठी डब्याच्या आणि रात्री सोबतीला राहण्याच्या पाळ्या लिहाव्यात. पैशाबाबत करिंथकरांना दिलेला सल्ला आजही चालतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे ऐन वेळी वर्गणीसाठी धावपळ होत नाही.

कॅथलिक वाचकांसाठी एक खुलासा. मिस्सामधल्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या, विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेत हे आभार घुसवू नयेत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 1963 साली ही प्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितली ती मागण्यांसाठी: ख्रिस्तसभा, राज्यकर्ते, पीडित आणि सगळे जग. नावानिशी आभारांची जागा घरच्या रोझरीत आहे. रोज पाच रहस्ये, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातल्या पाच प्रसंगांचे मनन, होतात. प्रत्येक रहस्याआधी एक नाव आणि एक वाक्य, मग दहा नमो मरिया त्याच माणसासाठी. ऑक्टोबरचे 31 दिवस धरले तर 155 नावे होतात. सिंधुदुर्गातल्या लहान धर्मग्रामात एवढ्यात जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव येऊन जाईल. रोझरी संपल्यावर मुले मोठ्यांचा आशीर्वाद घेतात, तेव्हा उद्याची पाच नावे मुलांनाच निवडू द्यावीत. ती अशी माणसे सुचवतात जी मोठ्यांच्या ध्यानात येत नाहीत. प्रोटेस्टंट घरांत संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत हेच करता येईल.

पाळकांना आणि फादरांना एक विनंती. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा; ही प्रथा 1908 पासूनची आहे. कोकणातल्या एकाच गावात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळी शेजारी असूनही एकमेकांची नावे माहीत नसतात. डिसेंबर संपण्यापूर्वी दोन्हीकडच्या पंचवीस-तीस घरांच्या याद्या एकमेकांना द्याव्यात आणि त्या आठ दिवसांत रोज चार घरांबद्दल आभार मानावेत. यादीत फक्त नाव आणि वाडी असावी; आजार, देणगी, हुद्दा यांतले काही लिहू नये.

आपले,
प्रार्थनागटांत काम करणारे काही वाचक,
सिंधुदुर्ग जिल्हा