मंत्रिमहोदय, १ जूनला आम्ही दोघं एकदम मोठे झालो

मा. मंत्री,
महिला व बालकल्याण खाते, कर्नाटक सरकार

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं रोज ढिगानं अर्ज येत असतील. त्यात आणखी एकाची भर घालते, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी बेळगावात वडगावला राहते, मागवाल्यांकडं सुताच्या कांड्या भरायचं काम करते. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी मुलींच्या बालमंदिरात वाढले. (महाराष्ट्रात बालमंदिर म्हणजे बालवाडी. आमच्याकडं पोरक्यांचं सरकारी घर.) धाकटा भाऊ मुलांच्या बालमंदिरात होता. परवा १ जूनला त्याला १८ पूर्ण झाली आणि एक पत्र्याची ट्रंक, दोन पिशव्या आणि दाखल्यांचं प्लास्टिकचं पाकीट घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला. रविवार होता. सगळी ऑफिसं बंद, खरं पोराला बाहेर काढायला रविवार आड आला नाही.

१ जून ही त्याची खरी जन्मतारीख नव्हे. माझीही नव्हे. जन्माचा कागद नव्हता, म्हणून शाळेत घालताना १ जून टाकून दिलं. आमच्यात १ जूनवाल्या इतक्या होत्या, की त्या दिवशी एका पातेल्यात शिरा करून सगळ्यांचे वाढदिवस उरकायचे. तारीख अंदाजानं तुम्हीच टाकलीत आणि त्याच अंदाजावर त्याला रस्त्यावर आणलंत.

कायदा मी वाचलाय. २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ४६. संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत, २१ पूर्ण होईपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेत. भावाचा अर्ज मी डिसेंबरातच दिला होता. सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन चालू होतं, अख्खं सरकार बेळगावात होतं, म्हटलं आता काम होईल. ज्या ऑफिसात दिला तिथले साहेब म्हणाले, "पोरगा बाहेर पडायच्या आधी मंजूर होतंय, काळजी करू नका." २ जूनला गेले, तर तेच साहेब म्हणतात, अर्ज मराठीत आहे, कन्नडात आणा. सहा महिने अर्ज त्यांच्या टेबलावर होता. तो कुठल्या भाषेत आहे हे कळायला सहा महिने लागले?

वर त्यांनी माझं वय विचारलं. म्हटलं, काल २१ झाली. "मग तुमचं संपलं."

संपलं? सुरू कधी झालं होतं? ३६ महिने, महिन्याला ४,०००, म्हणजे १,४४,००० रुपये. मी त्यातला रुपया बघितलेला नाही. कायद्यात मदत 'देता येईल' असं आहे, 'द्यावीच लागेल' असं नाही. एवढं एक कलम मात्र ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पैशाचं राहू द्या. बाहेर पडले त्या पहिल्या रात्री एका माणसाला किती भात लागतो हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी साठ जणींच्या तांदळातले खडे निवडले, खरं तांदूळ कधी विकत घेतला नव्हता. अंदाजानं टाकला, भात भांड्यातून उतू गेला, निम्मा कच्चा. दोन दिवस तोच खाल्ला. खोली हुडकताना आधी विचारतात "कुणाच्यातली?", मग "घरात कोण कोण?" कुणी नाही म्हटलं की दार पुढं ओढून घेतात. पाचव्या घरी हो म्हणाले, १०,००० ॲडव्हान्सवर. ते पैसे मागाच्या मालकांकडून उचल घेतली आणि वर्षभर पगारातून फेडली. त्याच वर्षी कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात कागदावर सही करायला कुणी नातेवाईक आणा म्हणाले. कागदोपत्री माझे आईबाप तुम्हीच होता, साहेब. तुम्हाला बोलवायचं होतं काय?

तुमच्या सरकारच्या गॅरंटी योजनांचं कौतुक रोज ऐकते. गृहलक्ष्मीचे २,००० घरातल्या कर्त्या बाईला. माझ्या खोलीत कर्ती बाई मीच, खरं रेशन कार्ड नाही म्हणून लक्ष्मी नाही. अन्नभाग्याच्या फुकट तांदळालाही तेच कार्ड. गृहज्योतीची फुकट वीज घरमालकिणीच्या मीटरवर, ती माझ्याकडून लाईटचे ३०० घेतेच. युवानिधीचा बेकार भत्ता पदवी-डिप्लोमावाल्यांना. राहिली शक्तीची फुकट बस. तुमच्या ऑफिसाच्या फेऱ्या फुकटात झाल्या, एवढं मान्य करते.

भावाला पुढं शिकायचंय. हॉस्टेलला जातीचा दाखला आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. नाडकचेरीत, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "वडिलांना घेऊन या." भाऊ हसला. मला हसता आलं नाही.

वेंगुर्ला रोडनं अर्ध्या तासावर शिनोळी, तिथं महाराष्ट्र लागतो. तिकडं २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. आम्ही हद्दीच्या अलीकडं सापडलो. खरं म्हणून तिकडच्या पुढाऱ्यांनी छाती फुगवायचं कारण नाही. सीमाभागातली ८६५ गावं पाहिजेत म्हणून २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, माझ्या भावापेक्षा तो तीन वर्षांनी मोठा आहे. १९५६ पासून तुम्ही आणि ते, दोघंही गावं आमची, गावं आमची म्हणताय. त्याच गावांतली टाकलेली पोरं आमची म्हणायला एकजण पुढं येत नाही. पाट्यांच्या भाषेवरून दगड मारायला माणसं मिळतात तुम्हाला.

आणि भाषेचंच म्हणाल तर, मला मराठी शाळेत घातलं, भावाला कन्नड. जिथं जागा होती तिथं घातलं. मी बाजारात कन्नड बोलते, लिहिता येत नाही. त्याला मराठी धड वाचता येत नाही. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलंय. साहेबांनी मागितलेला कन्नड अर्ज काल रात्री त्यानं ट्रंकेवर वही ठेवून लिहिला. बरोबर लिहिलाय की नाही, मला सांगता येत नाही.

माझे १,४४,००० बुडाले, सोडले. भावाच्या अर्जावर हो किंवा नाही एवढं लेखी द्या, वडिलांच्या दाखल्याशिवाय त्याला हॉस्टेलात घ्यायला सांगा. माझी खोली एकटीसाठी दिलेली आहे. तरणा पोरगा किती दिवस ठेवणार, असं घरमालकीण दोनदा विचारून गेली. तिनं १५ तारीख दिलीय. उत्तर त्याआधी पाठवा. १५ नंतर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला सांगता यायचं नाही.

आपली,
बालमंदिरातून बाहेर पडलेली एक,
वडगाव, बेळगाव