पॅनेलवरचा वकील नक्की कुणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या घरविषयक पुरवणीत ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागदपत्रांची चिंता मिटली’ असा सल्ला ठळक चौकटीत वाचला. लेखकमहाशयांनी जुना फ्लॅट कर्ज काढणाऱ्याला कधी विकलेला दिसत नाही. मी नुकताच विकला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोथरूडमधला आमचा फ्लॅट 1984 सालचा. बिल्डरशी झालेला करारनामा पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, रीतसर नोंदवलेला. त्या काळी तसेच होत असे; ताबा देणाऱ्या करारनाम्याला खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू लागले ते 10 डिसेंबर 1985 पासून. पुण्यात जुन्या फ्लॅटची कामे करणाऱ्या कोणत्याही एजंटाला झोपेतून उठवून विचारा, ही तारीख सांगेल. फ्लॅट घेणारे हिंजवडीला नोकरी करणारे तरुण जोडपे, वागायला अतिशय सज्जन. त्यांनी आधी एका बँकेत फाईल टाकली. त्या बँकेच्या पॅनेलवरच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या यादीतल्या, वकिलांनी फार खळखळ न करता सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदींत मालकी तपासल्याचा अहवाल, दिला. मग दुसरीकडे व्याज थोडे कमी पडते म्हणून त्यांनी बँक बदलली. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, वीस वर्षे हप्ते त्यांनाच भरायचे आहेत. दुसऱ्या बँकेत फाईल ‘लीगलला’ गेली आणि तिथून एका ओळीचा शेरा आला : पहिला करारनामा अपुऱ्या मुद्रांकाचा, अभिनिर्णय करून (म्हणजे मुद्रांक कार्यालयाकडून शुल्क ठरवून घेऊन) फरक व दंड भरल्याची पावती जोडा.

कागद तेच, फ्लॅट तोच, कायदाही तोच. एका पॅनेलवर टायटल, म्हणजे मालकी हक्क, स्वच्छ आणि दुसऱ्या पॅनेलवर डागाळलेले!

बरे, शेरा मारणाऱ्या वकिलांना भेटावे, तारीख दाखवावी, विषय संपवावा, तर तशी सोयच नाही. मी त्यांचा पक्षकार नाही. घेणारेही नाहीत. वकिलांची फी मात्र ‘लीगल चार्जेस’ म्हणून जीएसटीसकट घेणाऱ्यांकडूनच वसूल झालेली. जेवणाचे पैसे आम्ही द्यायचे आणि ताट बँकेपुढे, असा प्रकार. सगळे बोलणे बँकेच्या कर्जविभागातल्या एका मुलामार्फत, तेही व्हॉट्सअॅपवर. मी त्याला मुद्रांक अधिनियमातल्या तरतुदीचे पान फोटो काढून पाठवले. त्याचे उत्तर आले, ‘‘काका, तुमचं बरोबर असेल, पण सरांच्या चेकलिस्टमध्ये बसत नाही.’’ पुढे हात जोडलेली खूण. आमचे स्वतःचे वकील, ज्यांची हयात दस्त तपासण्यात गेली, त्यांनी लेटरहेडवर सविस्तर मत लिहून दिले. ते स्वीकारता येत नाही, कारण ते पॅनेलवर नाहीत.

इकडे आम्ही सिंहगड रस्त्याला लेकीच्या जवळ लहान जागा बघून विसार देऊन बसलो होतो. तो मालक रोज विचारी, ‘पैसे कधी?’ त्याला काय सांगणार, की आमचे पैसे एका अदृश्य सरांच्या चेकलिस्टमध्ये अडकलेत म्हणून? अखेर एक दिवस शेरा जसा आला होता तसाच निघून गेला. का आला, का गेला, कुणी सांगितले नाही. दरम्यान पहिल्या बँकेची मंजुरीची मुदत उलटून गेली होती आणि तिथली प्रोसेसिंग फी अर्थातच परत मिळत नाही.

आता तो सर्च रिपोर्ट, ज्याच्या भरवशावर आपल्या पुरवणीने वाचकांना निर्धास्त केले, तो कसा असतो हेही सांगतो. पहिल्या बँकेच्या अहवालाची प्रत घेणाऱ्या जोडप्यातल्या मुलीने खूप मागे लागून मिळवली होती, म्हणून पाहायला मिळाली. तीस वर्षांचा शोध : एकेका सालापुढे ‘निरंक’, ‘निरंक’, ‘निरंक’, आणि मधल्या काही सालांपुढे ‘पाने फाटलेली’. मुंबईबाहेर 2002 नंतरचे दस्त संगणकावर सापडतात, त्याआधीच्या सूची क्रमांक 2 साठी, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीसाठी, दुय्यम निबंधकाकडची जुनी बाडे चाळावी लागतात. पाने फाटलेली असणार यात वकिलांचा दोष नाही. पण शेवटी तळटीप आहेच, की हे मत उपलब्ध अभिलेखांवर आधारित असून केवळ बँकेच्या उपयोगासाठी आहे. केवळ बँकेच्या! पैसे भरणाऱ्या जोडप्याचा त्यात उल्लेख ‘कर्जदार’ एवढाच. आणि दुसऱ्या बँकेच्या वकिलांनी पुन्हा तीच फाटलेली पाने तपासण्याची पुन्हा फी घेतली. बँकांना एकमेकींचा अहवाल चालत नाही.

उद्या टायटलमध्ये खरोखर खोट निघाली तर? सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गृहकर्जाच्याच एका प्रकरणात सांगितले आहे, की पॅनेलवरच्या वकिलाचे मत चुकले एवढ्यावरून त्याला फौजदारी खटल्यात ओढता येणार नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा. ते योग्यच आहे. मे 2024 मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला. तेव्हा ग्राहक मंचाचाही रस्ता बंद. आणि ज्याने वकील नेमलाच नाही त्याने तक्रार तरी कुणाची करायची? बँक म्हणणार, अहवाल आमच्यासाठी होता. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला उद्देशून म्हटले, की कर्ज देण्याआधीच्या टायटल सर्च अहवालाची प्रमाणित पद्धत ठरवा, त्याच्या फीचे निकष ठरवा आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारीही निश्चित करा. यावर पुरवणीत एक ओळ असती तरी चौकटीची जागा सत्कारणी लागली असती.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते, तिने दोन वर्षांपूर्वी घर घेतले. पॅनेलचा जाच तिथेही आहे. तुमचा सॉलिसिटर कर्ज देणाऱ्याच्या पॅनेलवर नसेल तर बँक आपला वेगळा नेमते आणि त्याचा खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो. पण असेल, तर तोच एक माणूस बँकेचे आणि तुमचे दोघांचेही काम पाहतो, तुमच्या फोनला उत्तर देतो, आणि तुमच्याशीही बांधील असतो. इथे आपण पॅनेल तेवढे घेतले, बांधिलकी राहिली तिकडेच.

बँकांनी पॅनेल ठेवूच नये असे माझे म्हणणे नाही. बोगस दस्तांवर कर्जे उचलणारे महाभाग काही कमी नाहीत, आणि पैसा ठेवीदारांचा आहे, त्यात माझाही आहे. पण ज्याच्याकडून फी घेता त्याला अहवालाची प्रत न मागता द्या, शेऱ्याखाली कायद्याचे कलम लिहा, आणि वकिलाशी एकदा बोलण्याची सोय ठेवा. यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची वाट पाहायला हवी का? कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करा, उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये द्या, हे सांगायलाही सप्टेंबर 2023 मध्ये परिपत्रकच काढावे लागले होते म्हणा.

जाता जाता आणखी एक. या वकिलांच्या कागदांच्या यादीत सोसायटीची एनओसी, म्हणजे ‘ना हरकत’ पत्र, हमखास असते. बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदवण्यापुरते पत्र मागितले तर समजू शकतो. पण फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीचे ‘ना हरकत’ लागत नाही असे आदर्श उपविधींतच लिहिले आहे. यादीत ते आहे हे आमच्या सोसायटीच्या कमिटीला पाठ आहे. हस्तांतरण प्रीमियमची मर्यादा 25,000 रुपये, ते भरलेच. त्यावर ‘स्वेच्छेने’ विकास निधी द्या, मग पत्रावर सही होईल, असे सेक्रेटरी हसत हसत म्हणाले. स्वेच्छेचा आकडा त्यांनीच सांगितला आणि पावती मागितल्यावर त्यांचे हसणे थांबले. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांकडे आपलेच वर्तमानपत्र येते. जागेअभावी पत्र संक्षिप्त करणार असाल तर वरचे काहीही कापा, हा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे