उसाची रिकव्हरी छापताना ती कोणती, तेही छापा

मा. संपादक,

गळीत हंगाम सुरू झाला की जिल्हा पानावर कारखान्यांची 'रिकव्हरी', म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा, येऊ लागते, पण ती नेमकी कोणती हे बातमीत क्वचितच असते. ऊस उत्पादकाचा भाव मात्र त्यातल्या एकाच रिकव्हरीवर ठरतो.

कारखान्याच्या दैनिक पत्रकात दोन उतारे असतात, आजचा आणि आजअखेर सरासरी. नोव्हेंबरात ऊस कोवळा असतो, जानेवारी-फेब्रुवारीत साखर भरते. त्यामुळे फेब्रुवारीत आजचा उतारा साडेबारा टक्के आणि सरासरी साडेअकरा, असे दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकते. बातमीत नुसते साडेबारा आले की वाळवा, कराडकडे त्यावरच बिलाचे हिशेब सुरू होतात.

दुसरा घोळ इथेनॉलचा. बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते अशी मळी) किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला की पोत्यात पडणारी साखर घटते आणि उतारा कमी दिसतो. ऊस तोच असतो. एफआरपीसाठी, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावासाठी, ही वळवलेली साखर हिशेबात परत मिळवावी लागते, म्हणून वळवण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही उतारे छापले पाहिजेत.

यात पैसा किती आहे पाहा. २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. साडेनऊ किंवा त्याहून कमी उतारा असला तरी ३२९.०५ रुपये मिळतात. साडेअकरा उताऱ्याला टनाला ३,९८२.५० रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. अर्ध्या टक्क्याचा फरक टनाला १७३ रुपये, म्हणजे एकरी ४० टनाला ६,९२० रुपये. एवढी रक्कम एका मोघम शब्दावर सोडणे आम्हाला मान्य नाही.

फडात रस तपासण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर दिसणारा ब्रिक्स ही रिकव्हरी नव्हे. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ, त्यात साखरेखेरीज बाकीचेही आले. शिवाय उसात चोथा असतो आणि बगॅस (उरलेला चोथा), मळी, प्रेसमड (रस गाळून राहिलेला गाळ) यांत साखर जाते. त्यामुळे २० ब्रिक्सच्या उसाचा उतारा बाराच्या आसपासच राहतो. तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला, तर सुक्रोज, म्हणजे उसातली साखर, फुटून तोही घसरतो. पाचट आणि कोवळे वाढे (उसाचे शेंडे) मोळीत गेले तरी तेच होते.

सोसायटीच्या कर्जाची बिलातून होणारी कपातही 'रिकव्हरी' म्हणूनच छापली जाते. तिथे सरळ 'वसुली' लिहावे.

एफआरपीचा हिशेब मागील हंगामाच्या उताऱ्यावर होतो. म्हणून सांगली-साताऱ्यातील प्रत्येक कारखान्याचा मागील हंगामाचा अंतिम उतारा धुराडी पेटण्यापूर्वी, ऑक्टोबरातच, आपण तक्त्यात छापावा, ही विनंती.

— ऊस उत्पादक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली