पॉलिश म्हणजे नेमके काय, ते अंदाजपत्रकात लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाड्यांच्या किंवा देवळांच्या लाकूडकामाची दुरुस्ती निघाली की अंदाजपत्रकात ‘लाकडास पॉलिश करणे’ एवढेच कलम पडते आणि कंत्राटदाराच्या हाताला लागेल तो डबा जुन्या सागवानी खांबांवर चढतो. पॉलिश, वार्निश, लॅकर, रोगण हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. घरच्या कपाटापुरते ते चालूनही जाते, पण जुन्या कामात त्याची किंमत लाकडाला मोजावी लागते.

सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, अर्थात पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर पोसणाऱ्या किड्यांची शुद्ध केलेली लाख. कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने त्याचे हातावर हात देत गेले की स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ, तुकतुकीत थर मागे राहतो. हा थर स्पिरिटने पुन्हा विरघळतो; त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो आणि पुढेमागे तो काढायचा झाला तरी लाकूड खरवडावे लागत नाही. पारंपरिक वार्निश मात्र जवसासारखे वाळणारे तेल आणि राळ शिजवून केलेले असते. त्यातले तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि मूळ रूपात परत येत नाही. हल्ली ज्याला नुसते ‘पीयू’ म्हणतात त्या पॉलियुरेथेनचा थर काढणे तर आणखी कठीण असते, आणि त्यासाठी कोरीव तुळईवर घासयंत्र फिरले की थराबरोबर नक्षीची धारही जाते.

लाख निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. गरम कप ठेवला की तिच्यावर पांढरा डाग उमटतो आणि पाण्यापुढे ती फार टिकत नाही. खाणावळीच्या टेबलाला पीयूच योग्य. कोकणच्या पावसाला तोंड देणाऱ्या दारालाही लाख उपयोगाची नाही. तेथे तेलाचे वार्निश वेळोवेळी द्यावे लागते. सावंतवाडीचे लाखकाम तर यांपैकी कशातच बसत नाही, कारण त्यात चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेली लाख लाकडावर बसते. अशा वस्तूवर डब्यातले लॅकर फासणे याला दुरुस्ती कसे म्हणावे?

म्हणून सार्वजनिक बांधकाम आणि पुरातत्त्व या दोन्ही विभागांना विनंती आहे की, अशा कामांच्या अंदाजपत्रकात लेपाचे द्रव्य नावानिशी लिहावे आणि काम सुरू होण्यापूर्वी जुना लेप तपासणे बंधनकारक करावे. प्राथमिक तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. आडबाजूच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर बहुधा तो लाखेचा थर असतो, आणि त्यावर पुन्हा चपड्याचाच हात द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे