काकू, त्या निळ्या दिव्याबद्दल

आदरणीय काकू,
नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. हे पत्र वाचून आणखी कुणी घरातली एखादी जुनी वस्तू उलटी करून पाहिली, तर मला फार आनंद होईल.

जुन्या बाजारात एका रविवारी ६०० रुपयांना तो टेबललॅम्प मी घेतला. नुसता त्याचा निळा रंग पाहून घेतला. कुठे मोरपिशी, कुठे थेट शाईसारखा गडद, आणि अंगभर बोटाच्या पेराएवढे ठसे. विकणारे मामा म्हणाले, "जयपूरचा आहे, ताई." वायर कुजली होती. इलेक्ट्रिशियन बुडाचं भोक ड्रिलने मोठं करून देणार होता. तेवढ्यात वहिनीने तुमचा फोन नंबर दिला आणि तुमचं पहिलं वाक्य आलं, "ड्रिल लावू नकोस, आधी घेऊन ये." त्या एका वाक्यासाठीसुद्धा हे पत्र लिहिलं असतं.

पुण्यात, एरंडवण्यातल्या तुमच्या गच्चीवर, कुंभारकामाच्या चाकाशेजारच्या फळीवर तुम्ही दिवा आडवा ठेवलात आणि मला वाटलं, आता घडवणाऱ्याचं नाव सांगाल. तुम्ही मात्र मलाच विचारत राहिलात. जयपूरचा कशावरून? जयपूरच्या निळ्या भांड्यांत आपली नेहमीची माती नसतेच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, डिंक असा लगदा साच्यात घालतात आणि वर कुंचल्याने नक्षी रंगवतात. इथे तर नक्षी ओल्या मातीत दाबलेली होती. मग मी पाँडिचेरी म्हणाले, कारण रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये तिथे सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीबद्दल, तिथल्या स्टोनवेअरबद्दल, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या टणक भांड्यांबद्दल, वाचलं होतं. तुम्ही बुडाच्या ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब सोडलात. बघता बघता तो मातीत जिरला. "स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर भाजतात, ते असं पाणी पीत नाही," एवढंच बोललात. तो जिरणारा थेंब मी अजून विसरलेले नाही.

बुडाला कुणीतरी फेल्टचा तुकडा चिकटवला होता. ओल्या फडक्याने तो मऊ करत, सुरी न लावता काढायला तुम्हाला पाऊण तास लागला. खाली हाताने लिहिलेला एक आकडा आणि "इटली" हा शब्द. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाही वाजवल्या. निर्यातीच्या मालावर असं लिहिणारे तिथले कारखाने पुष्कळ होते आणि निळ्या रंगाची नक्कलही खूप झाली, म्हणालात. मग संध्याकाळी उशिरापर्यंत एकेक ठसा तिथल्या कारखान्यांच्या मालाच्या छायाचित्रांतल्या ठशांशी ताडून पाहिलात. त्याच आकृत्या, त्याच क्रमाने, तशाच ओळींत. तेव्हा कुठे म्हणालात, "बिटोसी."

फ्लॉरेन्सजवळ, आर्नो नदीच्या खोऱ्यातलं मोंतेलुपो. शतकानुशतकं कुंभारकाम चालत आलेलं गाव. तिथे १९२१ मध्ये ग्विदो बिटोसी यांनी सुरू केलेला कारखाना, १९४६ पासून तिथे कलेची सूत्रं सांभाळणारे आल्दो लोंदी, आणि १९५० च्या दशकातली त्यांची ती प्रसिद्ध 'रिमिनी ब्लू' मालिका. कच्च्या मातीवर ठसे दाबायचे, मग ग्लेझ चढवायची. खोलगट जागी ती जाड साठते, उंचवट्यांवर पातळ होते. एकाच दिव्यात इतके निळे कुठून आले, हे मला तेव्हा कळलं.

मी लगेच म्हणाले, म्हणजे हा लोंदींनी केला! तेव्हा तुम्ही माझा हात धरून बोट एका तिरक्या उमटलेल्या ठशावर ठेवलंत. शेजारचे सगळे सरळ, तो एकच कललेला. "आराखडा त्यांचा. हा ठसा दाबणारा कामगार वेगळा. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, तर लोंदींचं चिकटवू नकोस."

काकू, याचे आभार सगळ्यांत जास्त. मोठं नाव लावून मला खूश करणं किती सोपं होतं! नंतर मी केळकर संग्रहालयात गेले आणि तिथल्या दिव्यांसमोर नेहमीपेक्षा बराच वेळ उभी राहिले. घडवणाऱ्याचं नाव मला एकावरही दिसलं नाही. आधी कितीदा तरी तिथे गेले होते, पण ते नाव शोधावंसं कधी वाटलं नव्हतं.

वायर जुन्याच भोकातून बसली. फेल्ट परत चिकटवलेलं नाही. तुम्ही सांगितलं होतं तशी बुडात एक चिठ्ठी ठेवली आहे, दिवा माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी: "बिटोसी, मोंतेलुपो, इटली. आराखडा आल्दो लोंदी. ठसे उमटवणाऱ्याचं नाव माहीत नाही. पुण्यात ओळख पटवली." शेवटच्या ओळीत तुमचं नाव घालू द्याल का? तिथे तरी जागा रिकामी ठेवली आहे.

तुमची,
निळ्या दिव्याची पोरगी