‘चायना माल’ आणि वाड्यातला थर्मास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या वस्तूंच्या छंदावरचा लेख वाचला. लेख बरा आहे. पण ‘चायना माल तेव्हाही टाकाऊ आणि आताही टाकाऊ’ हे त्यातले वाक्य काही घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र. शेजारच्या छायाचित्राखाली ‘आजीच्या काळातील चिनी बरणी’ असे छापले आहे, त्याबद्दलही थोडे सांगायचे आहे. ते नंतर.

माझे बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेले. मामा बोटीवर होता. १९७४ साली हाँगकाँगहून येताना त्याने आईसाठी चिनी थर्मास आणला. अंग पत्र्याचे, रंग कुंकवासारखा लाल आणि पोटावर वाटीएवढे एक गुलाबी फूल. आजी त्याला गुलाब म्हणायची, आई कमळ. दोघींचेही चुकले होते. ते पिओनीचे फूल, चिनी लोक त्याला वैभवाचे लक्षण मानतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

हा थर्मास आमच्या घरी राहिला कमी आणि फिरला जास्त. वाड्यात बारा बिऱ्हाडे. कोणी दवाखान्यात पडले की दारात हाक यायची, “वहिनी, थर्मास मोकळा आहे का?” बाळंतिणीचे गरम पाणी, कोणाच्या ऑपरेशनच्या रात्री जागणाऱ्यांची कॉफी, सगळे त्यातूनच. आई तो कापडी पिशवीत घालून द्यायची आणि प्रत्येकाला तेच बजावायची, “आधी कोमट पाण्यानं विसळा, एकदम उकळतं ओतू नका.” आत दुहेरी काच, मधली हवा काढून घेतलेली, काचेला चांदीसारखा मुलामा. गार काचेत एकदम आधण पडले की ती तडकते. एवढ्या हातांतून फिरून तो अकरा वर्षे टिकला. शेवटी पाडला तो मीच, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर. पत्र्याला पोचासुद्धा आला नाही, पण हलवला तर आत खुळखुळा वाजला. आई काही बोलली नाही. धुऊन पुसून तिने तो माळ्यावर ठेवला.

२००३ साली वाडा पाडायला निघाला तेव्हा माळाही मीच रिकामा केला. भंगारवाल्याने तो पत्र्याच्या भावात वजन करून नेला. तेव्हा काही वाटले नाही, हेच आता खटकते.

निवृत्त झाल्यापासून मी तसाच थर्मास शोधते आहे. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेले तर गर्दी कमी आणि विक्रेत्याला भवानीची घाई, म्हणून भाव जरा बरा. थर्मास शोधता शोधता इतर गोष्टी घरी आल्या. त्यातला एक इनॅमलचा मग. पांढरा, काठाला निळी रेघ, कानापाशी टवका उडालेला आणि समोर लाल रंगात एकच मोठे चिनी अक्षर. विक्रेता म्हणाला, “मावशी, ब्रिटिश टाइमचा आहे, मिलिटरीचा.” दीडशे रुपये दिले. घरी भाचीने मोबाइल धरून अक्षर वाचले, ‘बक्षीस’. चीनमध्ये कारखान्यात चांगले काम करणाऱ्यांना असे मग बक्षीस म्हणून देत. तिथल्या कोणा कामगाराचे बक्षीस मंगळवार पेठेतल्या पदपथावर कसे पोचले, हे मला सुटलेले नाही. सध्या त्यात माझा ब्रश असतो.

आता ‘टाकाऊ’विषयी. त्या काळी चीनमध्ये थर्मास, इनॅमलची घमेली या लग्नात द्यायच्या वस्तू होत्या. जोडीने देत आणि त्यांवर ‘दुहेरी आनंद’ हे लग्नाचे चिन्ह असे. आपण नाही का स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून देत, तसेच. ‘तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी’ असा तिथे शब्दच होता: मनगटी घड्याळ, सायकल, शिवणयंत्र आणि रेडिओ. एवढे जमले की लग्न थाटात. संसारभर वापरायच्या हिशेबाने केलेल्या वस्तू त्या. १९६२ नंतर चीनशी आपला व्यापार थांबला तो रीतसर सुरू झाला १९७८ साली. मधल्या काळात आमच्यासारख्यांकडे आले ते कोणाच्या तरी बोटीवरून. दहावी झाल्यावर मामाने मला दिलेले शांघायचे हिरो पेन अजून चालते. निब अंगात लपलेली, आतली नळी दाबून शाई भरायची. उरलेली आयातबंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली आणि मग स्वस्त खेळणी, माळा यांचा लोंढा आला. लेखकाने बहुधा फक्त तोच पाहिला आहे.

टाकाऊ म्हणायचेच तर सध्या ‘व्हिंटेज’ म्हणून विकतात त्या नव्या मगांना म्हणा. त्यांचे टवकेसुद्धा रंगवलेले असतात! खऱ्या टवक्यात आतला पोलादी पत्रा काळा दिसतो आणि कडेने गंज धरतो, कारण इनॅमल म्हणजे पत्र्यावर भाजून बसवलेली काच. मागच्या महिन्यात एका दुकानात असा नवा मग ‘साठ वर्षांचा’ म्हणून नऊशे रुपयांना दाखवला. टवक्यावरून नख फिरवले, सपाट लागले. दुकानदाराने मग मुकाट्याने परत फळीवर ठेवला.

राहिली बरणी. वरून तपकिरी, खालून पांढरी, लोणच्याची. तिचा चीनशी संबंध नावापुरताच. चिनी माती म्हणतात म्हणून ती चीनची होत नाही, जशी पिठीसाखर पिठाची होत नाही. अशा बरण्या आपल्याकडेच, खुर्जा आणि वांकानेरच्या बाजूला बनत आल्या आहेत. कृपया दुरुस्ती छापावी.

जाता जाता एक विनंती. गेल्या श्रावणात जुन्या बाजारात थर्मास मिळाला. लाल रंग, तेच फूल, आतली काच शाबूत. आठशे सांगितले, साडेपाचशेला दिला. बूच मी नवे बसवून घेतले, पण वरचे टोपण नाही. ॲल्युमिनियमचे, आतून आटे असलेले, तोंडाशी साधारण तीन इंच. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असे सुटे टोपण पडले असेल तर भंगारात देऊ नये, आपल्या कार्यालयात कळवावे. बदल्यात माझ्याकडचे दुसरे हिरो पेन देईन. निब थोडी झिजली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपली,
एक जुनी वाचक,
नारायण पेठ, पुणे ३०