आजींना विचारण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑगस्ट जवळ आला की शाळांमधून फाळणी पाहिलेल्या आजी-आजोबांची मुलाखत घेण्याचे प्रकल्प निघतात. २०२१ मध्ये हा दिवस विभाजन विभीषिका स्मृती दिन म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून त्यांना आणखी जोर आलाय. मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षी असाच एक प्रकल्प मीच घडवून आणला. त्यानंतर जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे पत्र.

देवळाली कॅम्पात आमच्या ओळखीचं एक सिंधी कुटुंब आहे. आजींचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. नववीची पाच मुलं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आधी पाणी आणि भाजलेला पापड आला, मग मोबाइल समोर ठेवून प्रश्न सुरू झाले. कराचीचं घर, जानेवारी १९४८ ची दंगल, मुंबईला आलेलं जहाज, देवळालीच्या बराकी. हे सगळं आजी अगदी सरावानं सांगत होत्या. घरात कितीदा तरी सांगून झालेलं. एका मुलीनं यादीतला पुढचा प्रश्न विचारला, “जहाजात तुमच्यासोबत कोण कोण होतं?” आजींनी बोटांवर मोजत नावं घेतली आणि शेवटचं नाव धाकट्या भावाचं घेतलं. दारात उभी असलेली सून चपापली. आजींना असा एक भाऊ होता, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढची वीस मिनिटं आजी जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. त्या थांबल्या तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मुलांना थांबवलं नाही. उलट सगळ्यांचा फोटो काढला, आजींच्या पाया पडलो आणि परतलो.

चार दिवसांनी सुनेचा फोन आला. आजींचं जेवण सुटलं होतं. रात्री उठून दाराची कडी लागली आहे का ते बघत, त्या भावाला हाका मारत. साठीला आलेला मुलगा वेगळाच दुखावला होता. “अम्मानं इतक्या वर्षांत मला सांगितलं नाही, ते परक्या पोरांना सांगितलं,” असं म्हणून तो दोन दिवस आईशी बोलला नव्हता. विचारलं आम्ही एकट्या आजींना, झळ बसली सगळ्या घराला. प्रकल्पाला बक्षीस मिळालं. ते प्रशस्तिपत्र मला अजून बघवत नाही.

बोललं की मन मोकळं होतं, असं मीही आयुष्यभर म्हणत आले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये संकटग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली, ती मी या प्रकारानंतर वाचली. घडलेलं सांगण्यासाठी माणसावर दबाव आणू नका, सांगायचं असेल तर ऐका, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही, अपायही होऊ शकतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. पुस्तिका ताज्या आपत्तीबद्दल आहे हे मला कळतं. पण त्या दुपारी आजींसाठी ते सगळं ताजंच झालं होतं.

विचारूच नये, असं मी म्हणत नाही. ती पिढी आता थोडकी उरली आहे, आणि अनेकांना खरंच सांगायचं असतं. आपल्या नाशिकला तर आश्रयाला आलेली माणसं नवी नाहीत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. आज थंडीत स्वेटर घेताना, भाव करता करताच, तिबेटी बाईंना “तुम्ही पळून कसे आलात हो?” असं विचारणारे मी ऐकले आहेत. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझ्याही नव्हतं.

पण मी आधी एकटीनं, वही-मोबाइल न घेता जायला हवं होतं. कोणता विषय नको, हे आजींना विचारायला हवं होतं. घरच्यांनाही विश्वासात घ्यायला हवं होतं. पाच मुलं समोर बसलेली असताना ‘नको’ म्हणणं कुठल्या आजीला जमेल? आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात असायला हवी होते.

मी गेले ती तीन आठवड्यांनी. आजींनी भावाचा विषय काढला नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो ते सांगितलं, सिंधूतल्या पल्ला माशाची चव सांगितली. मुलगा शेजारी बसून ऐकत होता, मध्ये मध्ये विचारत होता. मी गप्प बसले.

या ऑगस्टमध्ये आपल्याकडेही अशा मुलाखती छापायला येतील. छापण्याआधी लिहिणाऱ्याला एवढं जरूर विचारा, की मुलाखतीनंतर तो त्या घरी पुन्हा कधी गेला होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड